निळ्या दिव्याखालचे मासे

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्काराचा तुला कंटाळा, म्हणून एकच पण मोठा केला असं समज. फोन करून उपयोग नाही. कानातलं यंत्र तू कपाटात ठेवतोस आणि पलीकडच्या माणसाला 'मोठ्याने बोल' म्हणून झापतोस. म्हणून पत्र लिहितेय.

काम माशांचं आहे. आई जाऊन दोन वर्षं होतील. बाबांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून ते दिवसभर खिडकीशी बसतात आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघतात. त्या भिंतीत बघण्यासारखं काही नाही, मी तपासलंय. म्हणून मी हौसेने काचेची पेटी आणली, बारा मासे आणले आणि म्हटलं, बाबा, हे तुमच्या ताब्यात. नवव्या दिवशी शेवटचा मासा उलटा तरंगत होता. बाबांनी तो चमच्याने काढला, पेटीवर जुनी चादर टाकली आणि म्हणाले, "तुला आधीच सांगितलं होतं. माझ्या हाती जीव टिकत नाही."

एवढ्यावर भागलं असतं तर तुला त्रास दिला नसता. मला पाचवा महिना लागलाय. परवा बाबांची गादी झटकताना उशीखाली वृद्धाश्रमाचा अर्ज सापडला, पूर्ण भरलेला. 'कधीपासून' या रकान्यात एक मे लिहिलंय. बाळ यायचंय जूनमध्ये. विचारलं तर म्हणाले, "लहान जीव घरात असताना मी तिथे नको." का नको, ते सांगत नाहीत. घड्याळवाल्याचं तोंड, एकदा झाकण बसलं की उघडत नाही.

मला वाटतं, त्यांच्या हाती एकदा काहीतरी जगलं तर हे भूत उतरेल. तू याच गावात बावीस वर्षं माशांचं दुकान चालवलंस. तुमचं दोघांचं कशावरून बिनसलं ते आईने कधी सांगितलं नाही, आणि मी आता विचारतही नाही. फक्त एवढं सांग, चांगलं दुकान ओळखायचं कसं?

तुझी भाची


१२ फेब्रुवारी

भाचीबाईंना आशीर्वाद,

बारा मासे! एका दिवशी! कोऱ्या पेटीत! आणि तू म्हणे दवाखान्यात लोकांचं रक्त तपासतेस. त्या लोकांची मला काळजी वाटते.

अगं, नव्या पेटीत पाणी भरून, गाळणीचं यंत्र चालू करून ती महिनाभर नुसती ठेवायची असते. घाण पचवणारे जंतू पाण्यात तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. मासे त्यानंतर आणायचे, तेही चार-चार करून. हे न सांगता ज्याने बारा मासे पिशवीत बांधून दिले त्याला दुकानदार म्हणू नकोस. कसाई निदान स्वतःला कसाई म्हणवून घेतो.

आता नीट वाच, मी दोनदा सांगत नाही. दुकानात शिरल्यावर आधी मेलेले मासे शोध. एखादा मासा सगळीकडेच मरतो. पण भर अकरा वाजता तो तळाशी पडलेला असेल आणि बाकीचे त्याला कुरतडत असतील, तर मालकाने सकाळपासून पेटीकडे ढुंकून पाहिलेलं नाही. तिथूनच मागे फिर. मग दिवे बघ. निळा दिवा दिसला की सावध हो. निळ्या उजेडात मरतुकडा मासासुद्धा झळकतो आणि अंगावरचे मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसत नाहीत. मोबाईलचा पांढरा उजेड पाडून बघ. मालक धावत येऊन "मासे घाबरतात" म्हणाला तर समज, घाबरलाय तो मालक. पाणीच निळसर असेल तर त्यात औषध आहे, म्हणजे अख्खी पेटी आजारी आहे. वर येऊन तोंडाची उघडझाप करणारा, पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात उभा राहणारा, पोट खपाटीला गेलेला, असा मासा घेऊ नकोस. दया आली तर मुळीच घेऊ नकोस, दयेवरच ही दुकानं चालतात. आणि निघण्याआधी मालकाला म्हण, माझ्यासमोर खायला घाला. धडधाकट मासा खाण्यावर तुटून पडतो. जो बघत बसतो तो जाणार.

हे सगळं मला इतकं पाठ कसं, असं विचारू नकोस. बावीस वर्षं कोपरापर्यंत पाण्यात होतो. आजकालची दुकानं म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

भाऊजींचं म्हणशील तर ते पहिल्यापासून मनाला लावून घेणारे. आमचं बिनसलं वगैरे काही नाही. त्यांनी येणं बंद केलं, मी बोलावणं बंद केलं, संपलं.

मामा


३ मार्च

मामा,

तुझा शब्द न् शब्द पाळला. पेटी अडीच आठवडे नुसती चालू आहे, चादरीखाली घुरघुरते. बाबा तिच्याकडे पाठ करून बसतात.

आधी गेले ते जिथे फसले होते त्याच दुकानात. नुसता निळा झगमगाट. मी मोबाईलचा उजेड पाडायला आणि गळ्यात टाय बांधलेला विक्रेता धावत यायला एकच गाठ. "मॅडम, मासे घाबरतात!" मामा, अक्षरशः तुझं वाक्य! मला इतकं हसू आलं की तो आणखी घाबरला. उजेडात सगळे मासे मीठ शिंपडल्यासारखे दिसत होते.

दुसऱ्या दुकानात एकाच नळीचं पाणी साऱ्या पेट्यांतून फिरत होतं, म्हणजे एकाचा आजार सगळ्यांना. मालक खुर्चीतून न उठता म्हणाला, "मासा आहे बाई, मरायचाच. मेला की दुसरा न्या." मी म्हटलं, तुमच्याकडे गिऱ्हाइकांचंही असंच धोरण आहे का? त्याला ते कळलं नाही. वर्तमानपत्र वाचत राहिला.

तिसरं दुकान सायकलवाल्याच्या मागच्या बोळात. पाटी नाही, पेट्यांच्या काचा चरे पडलेल्या, जमीन ओली. पण वास नाही, आणि एकही मेलेला मासा नाही. प्रत्येक पेटीला पाटीचा एक तुकडा टांगलेला आणि त्यावर खडूने तारीख. मालक म्हातारा, डावखुरा आणि महाउद्धट. मी मासे मागितले तर उलट माझीच तपासणी सुरू. पेटी केवढी, पाणी कधी भरलं, आधीचे कशाने मेले? मी दवाखान्यात तपासून आणलेले पाण्याचे आकडे पुढे केले, तर म्हणाला, "आणखी दहा दिवस थांबा." मग एका पेटीकडे बोट केलं तर म्हणे, "हे परवा आलेत. पंधरा दिवस झाल्याशिवाय मी मासा देत नाही." मी म्हटलं, खायला घालून दाखवा. तेवढ्यावर जरा खूश झाला. विचारतो, "हे बघायला कोणी शिकवलं?" मी ऐटीत सांगितलं, माझ्या मामाने, पुलाजवळ त्याचं दुकान होतं.

त्यावर तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "आज दुकान बंद करतोय." सकाळचे साडेअकरा वाजले होते! गिऱ्हाइकाला हाकलणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. तुझं काय मत? माणूस चक्रम आहे, पण मासे बघशील तर काचेवर धडका मारत खात होते.

भाची


१० मार्च

भाची,

त्या खडूवाल्याकडून एक शेपूटसुद्धा घ्यायची नाही. समजलं?

ओळखतो मी त्याला. सहा वर्षं माझ्याच दुकानात पाणी बदलायचा. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा चार पुस्तकं वाचून शहाणा झालेला. आलेला माल पंधरा दिवस वेगळा ठेवा म्हणायचा. पंधरा दिवस! म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं आणि मी पेट्यांना तारखा टांगून बसायचं. दुकान होतं माझं, आजारी माशांचा दवाखाना नव्हता. असल्यांच्या नादी लागलो असतो तर पहिल्याच वर्षी फळ्या ओढाव्या लागल्या असत्या. आता बघ ना, एवढा ज्ञानी, आणि बसलाय कुठे? सायकलवाल्याच्या मागे, बोळात!

शिवाय त्याचं तोंड वाईट आहे. माझ्याविषयी काहीबाही सांगेल. नोकरी सोडलेला माणूस मालकाबद्दल चांगलं बोलत नसतो. ऐकून घेऊ नकोस.

त्या दुसऱ्या दुकानात जा. वर्तमानपत्र वाचणारा माणूस निदान खोटं तरी बोलत नाही. उजेड पाडून चार चांगले निवडून घे आणि हा विषय संपव.

मामा


३० मार्च

मामा,

ऐकून घेतलं.

खरं तर तुझ्या पत्रानेच मला पाठवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मी तुला माशांबद्दल विचारलं होतं आणि तू मला, माणसाने काय सांगितलं तर ऐकायचं नाही, ते सांगत होतास. म्हणून खडूवाल्याकडे गेले आणि समोर उभी राहिले. तो काही बोलायला तयार नव्हता. "जुनं झालं, बाई. तुमच्या घरातलं आहे," एवढंच. मी सांगितलं, माझे वडील घर सोडून चाललेत. तेव्हा त्याने स्टूल पुढे केलं.

निळा दिवा तुझा. या गावात निळा दिवा पहिल्यांदा तू लावलास. "मासे घाबरतात" हेही तुझंच. टायवाल्याने ते वाक्य कुठून आणलं असेल? तुझ्या गल्ल्यावर बसलेल्या कुणाकडून तरी आलं असणार. मला हसू आलं होतं ते आठवून आता लाज वाटते. सकाळी आलेलं खोकं संध्याकाळपर्यंत विकायचं, ही तुझी पद्धत. मासा घरी गेल्यावर मरू दे, दुकानात मरता कामा नये.

आई माझ्या वेळी अंथरुणाला खिळलेली होती. तिला बघायला काहीतरी हवं म्हणून बाबा तुझ्याकडे आले. तू त्यांना सहा एंजल मासे दिलेस, अंगावर ठिपके असलेले. खडूवाला म्हणाला, हे देऊ नका. तू काय म्हणालास ते त्याने मान खाली घालून सांगितलं: "घरचाच माणूस आहे. तक्रार कुणाकडे करणार?"

आठव्या दिवशी बाबा मेलेले मासे डब्यात घालून विचारायला आले, माझं काय चुकलं? आणि भरल्या दुकानात तू त्यांना म्हणालास, "भाऊजी, तुमच्या हाती जीव टिकत नाही. तुम्ही आपली घड्याळंच सांभाळा." लोक हसले. खडूवाल्याने त्याच दिवशी नोकरी सोडली. का सोडली, ते तू लिहिलं नव्हतंस.

दुकान ओळखायच्या सगळ्या खुणा तू बरोबर सांगितल्यास. चोराने कुलपं शिकवावीत तशा.

मी बाबांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे तुझा मामा म्हणाला का?" मी म्हटलं, नाही. "मग नोकरी सोडलेल्या माणसाचं काय धरायचं," म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले. बघ, तुमचं दोघांचं किती जुळतं.

मासे मिळालेत. आठ आहेत, चांगले खातात. बाबा चादरीला हात लावत नाहीत. वृद्धाश्रमातून खोली मिळाल्याचं पत्र आलंय, एक मे पक्का. तुझ्याकडून मला एकच पाहिजे. बाबांना पत्र लिही. मला नको, त्यांना.

भाची


७ एप्रिल

भाची,

थोरामोठ्यांशी बोलायची पद्धत ताईने तुला शिकवली नाही, हे तिच्याकडून राहून गेलं.

सगळेच करायचे. बाजारात एक दुकान दाखव ज्याने आलेला माल त्याच दिवशी विकला नाही. मला घर चालवायचं होतं. आणि माणूस तीस-एकतीस वर्षं एक वाक्य उराशी धरून बसतो का? तेही हसण्यावारी बोललेलं! सहा मासे, सहा! इतकं हळवं असून चालत नाही. त्यांना जायचं असेल तर जाऊ देत, तिथे बरोबरीची माणसं भेटतील.

मी कुणाला पत्र लिहिणार नाही. या विषयावर मलाही लिहू नकोस.

मामा


२५ एप्रिल

ती. भाऊजी यांना,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं आहे, आणि हेही वाचवत नाही, म्हणून परत न वाचता पाठवतोय.

भाचीने मला पत्र लिहिणं बंद केलंय. तिला मीच तसं बजावलं होतं. गेल्या आठवड्यात तिच्या नवऱ्याची चिठ्ठी आली. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलंय म्हणे, ताईसारखंच. चिठ्ठीत माझ्याकडून काही मागितलेलं नव्हतं. तेच जास्त लागलं.

ते सहा मासे आजारी होते. मला माहीत होतं. खोकं उघडलं तेव्हा निम्मे मेलेलेच निघाले, उरलेल्यांच्या अंगावर ठिपके होते. तुम्ही मला विचारलंत, "यातले चांगले कुठले?" मी म्हणालो, "डोळे मिटून घ्या." कोणीही पाळले असते तरी ते आठ दिवसांपलीकडे जगले नसते. तुम्ही तर दिवसातून तीनदा पाणी बघत होता, असं ताई म्हणाली होती.

तुम्ही डबा घेऊन आलात तेव्हा दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. माझे मासे वाईट होते असं म्हटलं असतं तर ती गेली असती. म्हणून तुमचे हात वाईट ठरवले. त्याला काही खर्च आला नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा मला वाटलं, जमलं.

तुमच्या हातांत काही खोट नव्हती. आमच्या वडिलांचं घड्याळ तीन दुकानांनी परत केलं होतं, ते तुम्ही चालू केलंत. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी सगळ्या जगाच्या दुकानांना शिव्या घालतो, कारण जातो तिथे मला माझंच दुकान दिसतं. नीच माणूस होतो, भाऊजी. आताही फार सुधारलोय असं नाही, पोरीने झोडपलं म्हणून लिहितोय. माफ करा असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो. जाऊ नका. इतकं मनाला लावून घ्याल असं खरंच वाटलं नव्हतं.

तुमचा मेव्हणा


२१ जून

तुझं पत्र मिळालं होतं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आज देतोय ते तुला बरं वाटावं म्हणून नाही.

'इतकं मनाला लावून घ्याल असं वाटलं नव्हतं,' असं तू लिहिलंस. तुझी समजूत अशी की तू सहा माशांची माफी मागतोयस. मग पुढचं ऐक.

तुझ्या दुकानातून डबा घेऊन घरी आलो, त्यानंतर तीन महिन्यांनी आमची मुलगी झाली. नर्सने ती माझ्यापुढे धरली आणि मी हात मागे घेतले. म्हणालो, मला सर्दी आहे. घरी आणल्यावर म्हणालो, हाताला घड्याळाचं तेल आहे. रोज नवीन कारण शोधायचो. तुझ्या ताईला वाटलं, मुलगी झाली म्हणून मी नाराज आहे. ती दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. मी तिला खरं सांगितलं नाही, कारण खरं सांगायची लाज वाटत होती. केसाएवढी तार चिमट्याने बसवणारा माणूस, आणि मेव्हण्याच्या एका वाक्याला भितो. तुझी ताई शेवटपर्यंत तोच समज घेऊन गेली. मुलगी चालायला लागली आणि एके दिवशी आपण होऊन येऊन माझ्या मांडीवर बसली. तोपर्यंत मी तिला एकदाही उचललं नव्हतं. हे तिला माहीत नाही. तू सांगू नकोस, तुला सांगण्याचा अधिकार नाही.

तुझ्या पत्राने एक गोष्ट झाली, ती नाकारत नाही. वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवलं. पण चादर मी त्याआधीच काढली होती. मुलीला उठायची बंदी झाली, जावई दिवसभर कामावर, मासे उपाशी राहिले असते, घरात दुसरं कोणी नव्हतं. भीतभीत चिमूटभर टाकलं. तुटून पडले. आठच्या आठ आहेत. त्यांचं पाणी मीच बदलतो. तुझ्याकडे काम करणारा तो गृहस्थ दर रविवारी येऊन बघून जातो. फारसं बोलत नाही. तुझं नाव आमच्यात निघत नाही, तेवढी तुझी किंमत नाही.

सतरा तारखेला मुलीला मुलगी झाली. नर्सने विचारलं, "आजोबा, घेता का?" मी हात पुढे केले. ते मी केले, त्याचं श्रेय तुला नाही.

पत्र इथेच थांबवतो. अक्षर वाकडंतिकडं आलंय. कागद धरायला हात मोकळा नाही, डाव्या हातावर ती झोपली आहे आणि मला हलायचं नाही.